१२ बोरॉनचा पिंजरा विरुद्ध एका बोरॉनचं औषध: कॅन्सरवरच्या न्यूट्रॉन उपचाराचं घोडं कुठे अडलंय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या 'क्रिटिकल मिनरल्स'ची, म्हणजे अर्थव्यवस्था आणि सुरक्षेसाठी अत्यावश्यक मानलेल्या खनिजांची, नवी यादी जाहीर केली. ६० खनिजांच्या या यादीत तांबं, चांदी, युरेनियम यांच्यासोबत आणखी एक नाव नव्याने आलं. ते म्हणजे बोरॉन.

काच, खतं, चुंबक, चिलखतं अशा अनेक गोष्टींसाठी बोरॉन लागतं. त्यामुळे त्याची चर्चा बहुतेक वेळा खाणी आणि आयात-निर्यातीपुरतीच होते. पण याच मूलद्रव्याबद्दल दुसरी एक बातमी अधूनमधून मोबाइलवर येत असते: 'एकाच बैठकीत कॅन्सरच्या पेशी जाळणारा जपानी उपचार'. या उपचाराचं नाव आहे बोरॉन न्यूट्रॉन कॅप्चर थेरपी, थोडक्यात बीएनसीटी.

या उपचारात एक कोडं आहे. ट्यूमरमध्ये जितके जास्त बोरॉनचे अणू पोहोचतील तितकं चांगलं. एकाच रेणूत १२ बोरॉन अणू असलेलं पिंजऱ्यासारखं संयुग रसायनशास्त्रज्ञांकडे अनेक दशकांपासून आहे. तरीही जपानने २०२० मध्ये ज्या औषधाला मंजुरी दिली, त्याच्या एका रेणूत बोरॉनचा फक्त एक अणू आहे.

असं का झालं? ते समजून घ्यायचं तर आधी हे पिंजरे काय आहेत, ते कसे बनतात आणि त्यांत धातू कुठून येतो हे पाहावं लागेल.

बोरॉन तुमच्या घरातही आहे

बोरॉन हे आवर्तसारणीतलं पाचव्या क्रमांकाचं मूलद्रव्य. कार्बनच्या अगदी शेजारचं. निसर्गात ते शुद्ध स्वरूपात सापडत नाही, ऑक्सिजनशी जोडलेलंच मिळतं.

सोनार दागिन्याला डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, जो टाकणखार वापरतात ते बोरॉनचंच संयुग आहे. त्यालाच सवागी किंवा बोरॅक्स म्हणतात. कॅरम बोर्डवर भुरभुरायची जुनी पांढरी पावडर म्हणजे बोरिक ॲसिड. तेही बोरॉनचंच.

या ओळखीच्या पदार्थांमधलं बोरॉन शांत असतं. ऑक्सिजनऐवजी त्याची जोडी हायड्रोजनशी लावली की मात्र ते वेगळंच वागायला लागतं.

हवेत पेटणारी संयुगं आणि पाऱ्याने घेतलेला बळी

बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांना 'बोरेन' म्हणतात. त्यांचा पद्धतशीर अभ्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१२ च्या सुमारास सुरू केला. अडचण अशी होती की यातली अनेक संयुगं हवा लागताच पेट घ्यायची आणि पाण्याशी संबंध आला की त्यांचं विघटन व्हायचं.

त्यामुळे स्टॉक यांनी काचेच्या नळ्यांचं पूर्ण बंद जाळं उभारलं. आतली हवा काढून घेतलेल्या या नळ्यांमध्येच संयुग तयार करायचं, वेगळं करायचं आणि तपासायचं. या यंत्रणेत झडपांसाठी पारा वापरला होता. वर्षानुवर्षं त्याची वाफ श्वासात गेल्याने स्टॉक यांना पाऱ्याची विषबाधा झाली. १९२६ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याबद्दल जाहीरपणे लिहून इतर संशोधकांना सावध केलं.

स्टॉक यांनी ही संयुगं बनवून दाखवली, पण त्यांची रचना कशी असेल हे त्यांच्या काळात कुणालाच नीट सांगता आलं नाही. कारण हिशोबच जुळत नव्हता.

हिशोब कुठे चुकत होता?

शाळेत शिकलेलं आठवा. दोन अणूंमधला साधा बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉनची जोडी. इथेन या वायूत दोन कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात. त्यात सात बंध, म्हणजे १४ इलेक्ट्रॉन लागतात आणि तेवढे तिथे असतात.

आता कार्बनच्या जागी बोरॉन ठेवा. दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजन मिळून होतं डायबोरेन. पण बोरॉनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असतो. त्यामुळे इथे हिशोबाला फक्त १२ इलेक्ट्रॉन उरतात. सात बंधांसाठी दोन कमी पडतात. तरीही रेणू अस्तित्वात आहे. मग तो टिकतो कसा?

याचं पटणारं उत्तर १९४३ मध्ये आलं. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या विशीतल्या ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स यांनी आपले शिक्षक आर. पी. बेल यांच्यासोबत डायबोरेनची रचना मांडली. त्यांचं म्हणणं असं की दोन बोरॉनच्या मध्ये दोन हायड्रोजन पुलासारखे बसतात. प्रत्येक पुलावर इलेक्ट्रॉनची एकच जोडी असते, आणि ती दोन नव्हे तर तीन अणूंना एकत्र धरून ठेवते.

थोडक्यात, इलेक्ट्रॉन कमी असतील तर अणू ते वाटून घेतात. चाळीतल्या तीन बिऱ्हाडांनी एकच नळ वापरावा तसं. आणि वाटून घ्यायचं तर जवळजवळ राहावं लागतं. म्हणूनच बोरॉनचे अणू कार्बनसारख्या लांब साखळ्या करत बसत नाहीत. ते एकमेकांना खेटून, गोलाकार पिंजऱ्यासारखी रचना करतात.

३० कडा, इलेक्ट्रॉनच्या जोड्या फक्त १३

या पिंजऱ्यांमधला सर्वांत देखणा आणि टिकाऊ पिंजरा १२ बोरॉनचा आहे. त्याला १२ टोकं, २० त्रिकोणी पृष्ठभाग आणि ३० कडा असतात. प्रत्येक टोकावर एक बोरॉन आणि त्याला बाहेरच्या बाजूने चिकटलेला एक हायड्रोजन.

प्रत्येक कडेला एक साधा बंध धरला तर ३० जोड्या, म्हणजे ६० इलेक्ट्रॉन लागतील. प्रत्यक्षात सगळा पिंजरा फक्त १३ जोड्यांवर, म्हणजे २६ इलेक्ट्रॉनवर उभा असतो. त्यातले २४ बोरॉन-हायड्रोजनच्या १२ जोडगोळ्यांकडून येतात. उरलेले दोन बाहेरून घ्यावे लागतात. म्हणून या पिंजऱ्यावर दोन ऋण भार असतात.

असा पिंजरा दोन ऋण भारांसह स्थिर असेल हे लाँगेट-हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ मध्ये कागदावर गणित करून सांगितलं होतं. पाच वर्षांनी, १९६० मध्ये, अमेरिकेत फ्रेडरिक हॉथॉर्न आणि अँथनी पिटोकेली यांनी तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला. स्टॉक यांची संयुगं हवेत पेटत होती, पण हा पिंजरा पाण्यात विरघळूनही शाबूत राहतो आणि शेकडो अंश तापमान सहन करतो.

आज तो बनवण्याच्या सोप्या वाटा उपलब्ध आहेत. सोडियम बोरोहायड्राइड हे बाजारात सहज मिळणारं रसायन आयोडीनसोबत योग्य द्रावकात तापवलं की बोरॉनचे छोटे तुकडे एकमेकांना जोडले जातात, हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि हळूहळू १२ चा पिंजरा बंद होतो.

बंद पिंजरा, घरटं आणि कोळ्याचं जाळं

या रचना डोळ्यांसमोर आणण्याचं मोठं काम अमेरिकेच्या विल्यम लिप्सकॉम्ब यांनी केलं. बोरेनचे स्फटिक अत्यंत कमी तापमानाला गोठवून त्यांनी त्यांवर एक्स-रे सोडले आणि अणूंच्या जागा निश्चित केल्या. त्यासाठी त्यांना १९७६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९७१ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ केन वेड यांनी या सगळ्या रचनांमागचा साधा नियम शोधला. पिंजऱ्यात जितके अणू आहेत त्यापेक्षा इलेक्ट्रॉनची एक जोडी जास्त असेल तर पिंजरा पूर्ण बंद असतो. दोन जोड्या जास्त असतील तर एक टोक गायब होतं आणि रचना घरट्यासारखी उघडी होते. तीन जास्त असतील तर ती आणखी उघडून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. या प्रकारांची शास्त्रीय नावंही पिंजरा, घरटं आणि कोळी याच अर्थाच्या ग्रीक-लॅटिन शब्दांवरून आली आहेत.

या नियमाचा फायदा असा की फक्त इलेक्ट्रॉन मोजून, प्रयोग करण्याआधीच रेणूचा आकार सांगता येतो.

मग यात धातू कुठून आला?

वेड यांच्या नियमाला अणूच्या नावाशी देणंघेणं नसतं. पिंजऱ्याच्या टोकावर बसणारा घटक किती इलेक्ट्रॉन देतो आणि तो शेजाऱ्यांना किती हात देऊ शकतो, एवढंच तो पाहतो. बोरॉन-हायड्रोजनची जोडगोळी दोन इलेक्ट्रॉन देते. पाच कार्बनचं कडं डोक्यावर घेतलेला कोबाल्टचा अणूही पिंजऱ्याला दोनच इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे बोरॉनच्या जागी कोबाल्ट बसू शकतो.

अशा मिश्र पिंजऱ्यांना 'मेटलाबोरेन' म्हणतात. पिंजऱ्यात कार्बनही असेल तर ती 'मेटलाकार्बोरेन'. १९६५ मध्ये हॉथॉर्न यांच्या गटाने दोन उघड्या पिंजऱ्यांच्या मध्ये कोबाल्टचा अणू सँडविचसारखा बसवला. हे संयुग पुढे फार उपयोगी ठरलं. त्याबद्दल पुढे येईलच.

मेटलाबोरेन बनवण्याची एक रूढ पद्धत अशी आहे. कार्बनचं कडं जोडलेल्या धातूचं क्लोराइड घ्यायचं. त्यावर लिथियम बोरोहायड्राइडची क्रिया करायची. मग आणखी बोरेन घालून तापवायचं. हे सगळं हवा आणि ओलावा पूर्ण टाळून, आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत. हाती येतं ते अनेक संयुगांचं मिश्रण. ते वेगळं करायचं, स्फटिक वाढवायचे आणि एक्स-रेने रचना तपासायची. यात बऱ्याचदा अपेक्षित रेणूऐवजी भलताच आकार मिळतो, आणि नव्या शोधांची सुरुवातही तिथूनच होते.

या क्षेत्रात भारताचं नाव आदराने घेतलं जातं. आयआयटी मद्रासमधला सुंदरगोपाल घोष यांचा गट अनेक वर्षं वेगवेगळ्या धातूंचे मेटलाबोरेन बनवतोय. आणि वेड यांचा नियम जिथे अपुरा पडत होता, म्हणजे दोन-तीन पिंजरे एकमेकांना जोडलेल्या मोठ्या रचना, तिथे लागू पडणारा नियम हैदराबाद विद्यापीठात असताना एलुवथिंगल जेम्मिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला. 'एमएनओ नियम' म्हणून तो जगभर ओळखला जातो. बोरेन, मेटलाबोरेन आणि धातूंची सँडविच संयुगं या सगळ्यांना तो एकाच सूत्रात बसवतो. जेम्मिस यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

कॅन्सरशी या सगळ्याचा संबंध काय?

निसर्गातल्या बोरॉनचे दोन प्रकार असतात. साधारण ८० टक्के बोरॉन-११ आणि २० टक्के बोरॉन-१०. यातल्या बोरॉन-१० ला संथ न्यूट्रॉन गिळण्याची जबरदस्त भूक असते. शरीरात मुबलक असलेल्या कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन किंवा नायट्रोजनपेक्षा ती कितीतरी पटींनी जास्त आहे.

न्यूट्रॉन गिळला की बोरॉन-१० चं केंद्रक फुटतं. त्यातून हीलियमचं एक आणि लिथियमचं एक केंद्रक विरुद्ध दिशांना वेगाने बाहेर पडतं. हे तुकडे साधारण ५ ते ९ मायक्रोमीटर अंतर जाऊन थांबतात. पेशीचा आकारही साधारण तेवढाच असतो. म्हणजे बोरॉन ज्या पेशीत आहे ती पेशी मरते आणि शेजारची बहुतांशी वाचते.

अमेरिकी शास्त्रज्ञ गॉर्डन लोकर यांनी ही कल्पना १९३६ मध्येच मांडली होती. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

नेहमीच्या रेडिएशनमध्ये किरण कुठे पाडायचे हे यंत्र ठरवतं. बीएनसीटीमध्ये ते रसायन ठरवतं. न्यूट्रॉन निरोगी आणि रोगट दोन्ही पेशींवर पडतात. मारा कुठे होणार हे बोरॉन कुठे जाऊन बसलंय यावर अवलंबून असतं. त्यामुळे हा उपचार जितका भौतिकशास्त्राचा आहे, तितकाच किंवा त्याहून जास्त रसायनशास्त्राचा आहे.

पहिला प्रयोग टाकणखाराचा

१९५१ मध्ये अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मेंदूच्या कॅन्सरच्या रुग्णांवर हा उपचार पहिल्यांदा झाला. तेव्हा बोरॉन म्हणून जे दिलं गेलं ते होतं बोरॅक्स. म्हणजे बोरॉन-१० चं प्रमाण वाढवलेला टाकणखारच.

निकाल निराशाजनक होते. बोरॅक्सला ट्यूमर आणि निरोगी भाग यांतला फरक कळत नव्हता. ते रक्तातही भरपूर राहायचं, त्यामुळे न्यूट्रॉन सोडल्यावर रक्तवाहिन्या आणि त्वचेला इजा व्हायची. १९६१ पर्यंत अमेरिकेतल्या या चाचण्या थांबल्या.

इथे १२ चा पिंजरा मदतीला आला. त्यातला एक हायड्रोजन काढून तिथे गंधक-हायड्रोजनची जोडी बसवली की तयार होतं 'बीएसएच' हे संयुग. जपानचे न्यूरोसर्जन हिरोशी हातानाका यांनी १९६८ पासून मेंदूच्या ट्यूमरसाठी ते वापरायला सुरुवात केली.

कागदावर हा पिंजरा अजिंक्य वाटतो. बोरॉन-१० वापरलेल्या बीएसएचच्या वजनात ५५ टक्क्यांहून जास्त वाटा बोरॉनचा असतो.

मग पिंजरा मागे का पडला?

कारण त्याला माल वाहता येतो, पण पत्ता सापडत नाही.

बीएसएचवर दोन ऋण भार असतात, त्यामुळे ते पाण्यात छान विरघळतं. पण पेशीचं आवरण तेलकट असतं. त्यातून हा भारित पिंजरा सहजासहजी आत जात नाही. मेंदूच्या ट्यूमरमध्ये ते पोहोचतं याचं कारण तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली संरक्षक भिंत फुटलेली असते. निरोगी मेंदूत भिंत शाबूत असल्याने ते तिथे शिरत नाही. ही निवड पिंजऱ्याची नव्हे, भिंतीची आहे. शरीराच्या इतर भागांत अशी भिंतच नसते, त्यामुळे तिथे हा फायदा मिळत नाही.

याउलट १९८० च्या दशकात जपानमध्येच युताका मिशिमा यांनी त्वचेच्या कॅन्सरसाठी 'बीपीए' हे संयुग वापरलं. फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाला बोरॉनचा एक अणू जोडला की बीपीए होतं. वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना प्रथिनं बनवण्यासाठी अमिनो आम्लं जास्त लागतात. त्यामुळे त्यांच्या आवरणावर ती ओढून घेणारी दारंही जास्त असतात. बीपीए त्याच दारातून, अन्न समजून, आत घेतलं जातं.

गंमत म्हणजे बीएसएच आणि बीपीए या दोन्ही रेणूंचं वजन जवळजवळ सारखंच आहे. एकात १२ बोरॉन, दुसऱ्यात एक. तरी जिंकला एक बोरॉनवाला, कारण त्याच्याकडे दाराची किल्ली होती.

या विजयाची किंमत काय?

उपचार परिणामकारक व्हायचा तर ट्यूमरच्या दर ग्रॅममागे साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम बोरॉन-१० लागतं. म्हणजे प्रत्येक पेशीत अंदाजे एक अब्ज अणू. शिवाय ट्यूमरमधलं प्रमाण आजूबाजूच्या निरोगी भागाच्या किमान तिप्पट असावं लागतं.

एका रेणूत एकच बोरॉन असेल तर त्यासाठी औषध भरमसाट द्यावं लागतं. जपानमध्ये बीपीएची मात्रा शरीराच्या दर किलोमागे ५०० मिलीग्रॅम इतकी आहे. ६० किलो वजनाच्या रुग्णाला शिरेतून तब्बल ३० ग्रॅम. त्यात प्रत्यक्ष बोरॉन जेमतेम दीड ग्रॅम असतं. त्यातच बीपीए पाण्यात नीट विरघळत नाही. आणि ज्या ट्यूमरवर ती 'दारं' कमी आहेत, तिथे त्याचा उपयोगही कमी.

म्हणून १२ च्या पिंजऱ्याचा नाद शास्त्रज्ञांनी सोडलेला नाही. पिंजऱ्याला किल्ली जोडता आली तर मात्रा कितीतरी कमी होऊ शकते. त्यासाठी अमिनो आम्लं, प्रथिनांचे तुकडे, साखरेचे रेणू किंवा अतिसूक्ष्म कण पिंजऱ्याला जोडण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

इथे संश्लेषणाची खरी परीक्षा असते. पिंजऱ्याची बाराही टोकं सारखीच दिसतात. नेमकं एकाच टोकावर, हवं तेच बसवायचं, पिंजरा न मोडता बसवायचं, आणि तयार झालेलं संयुग शरीराला विषारी नसावं, अशा सगळ्या अटी एकदम पाळाव्या लागतात.

धातू असलेले पिंजरेही या शर्यतीत आहेत. कोबाल्टच्या ज्या सँडविचचा उल्लेख वर आला, ते ऋण भार असूनही पेशीच्या आवरणातून पार जातं, असं बार्सिलोनातल्या संशोधकांच्या कामातून दिसलं आहे. त्याचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो, त्यामुळे तेलकट आवरणाला तो तितकासा परका वाटत नाही. मात्र आवरण ओलांडणं आणि फक्त कॅन्सरच्याच पेशीत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच कोबाल्टच्या पिंजऱ्याने दुसऱ्या क्षेत्रात मात्र आपली जागा पक्की केली आहे. त्याचं क्लोरीन जोडलेलं रूप अणुकचऱ्यातलं किरणोत्सारी सीझियम वेचून काढतं. रशियातल्या मायाक प्रकल्पात १९९० च्या दशकापासून ते औद्योगिक पातळीवर वापरलं गेलं आहे.

जपानने नेमकं कशाला मंजुरी दिली?

मार्च २०२० मध्ये जपानने स्टेला फार्मा कंपनीचं बीपीएवर आधारित औषध आणि सुमितोमो हेवी इंडस्ट्रीजचं न्यूट्रॉन यंत्र यांना मंजुरी दिली. जूनपासून हा उपचार तिथल्या आरोग्य विम्यातही आला. पूर्वी यासाठी रुग्णाला अणुभट्टीपर्यंत न्यावं लागायचं. आता रुग्णालयात बसवता येणारा कणत्वरक न्यूट्रॉन तयार करतो. हा मोठा बदल आहे.

पण ही मंजुरी सगळ्या कॅन्सरसाठी नाही. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या, पसरत गेलेल्या किंवा त्याच जागी उलटलेल्या डोकं आणि मानेच्या कॅन्सरपुरतीच ती आहे. ज्या चाचणीच्या आधारे ती मिळाली, त्यात २१ रुग्ण होते. त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांमध्ये ट्यूमर लक्षणीयरीत्या लहान झाला किंवा दिसेनासा झाला.

इतर उपाय संपत आलेल्या रुग्णांसाठी हा आकडा आशादायक आहे. मात्र २१ ही संख्या लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. केस गळणं, मळमळ, तोंड येणं, लाळग्रंथींना सूज असे दुष्परिणामही होतात. न्यूट्रॉन त्वचेपासून काही सेंटिमीटर खोलवरच प्रभावी राहतात, त्यामुळे शरीरात खोल असलेल्या ट्यूमरपर्यंत पोहोचणं अवघड जातं. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरवर तर हा उपाय नाहीच.

'एकाच बैठकीत' हा भाग बऱ्याच अंशी खरा आहे, कारण न्यूट्रॉनचा मारा सहसा एकदाच, तासाभराच्या आत होतो. 'कॅन्सर बरा' हा भाग मात्र रुग्णागणिक बदलतो.

भारतासाठी हा विषय महत्त्वाचा का?

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतात पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर ओठ आणि तोंडाचा आहे. तंबाखू, गुटखा आणि मावा यांचं त्यातलं योगदान वेगळं सांगायला नको. आणि जपानने मंजुरी दिलीय ती याच भागातल्या, उलटलेल्या कॅन्सरसाठी.

या उपचाराला लागणाऱ्या अनेक गोष्टी भारतात सुट्या सुट्या आहेत. बोरॉन-१० वेगळं काढण्याचं अवघड तंत्र हेवी वॉटर बोर्डाकडे आहे. मुंबईत मुख्यालय असलेली ही संस्था तालचेर आणि मणुगुरू इथल्या प्रकल्पांत अणुभट्ट्यांसाठी हे काम करते. पिंजरे बनवणारे आणि त्यांची गणितं मांडणारे रसायनशास्त्रज्ञ आयआयटी आणि विद्यापीठांमध्ये आहेत. रुग्णालयात कणत्वरक चालवण्याचा अनुभवही आहे. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार होतात. तो उपचार वेगळा आहे, पण त्याला लागणारी शिस्त, सुरक्षा आणि मनुष्यबळ साधारण त्याच जातकुळीचं.

तरीही बीएनसीटी अजून आपल्या नेहमीच्या रुग्णसेवेचा भाग नाही. औषध, न्यूट्रॉनचा स्रोत आणि डॉक्टर हे तिन्ही एका छताखाली आल्याशिवाय तो होणारही नाही.

कच्च्या मालाचा प्रश्न वेगळा आहे. तुर्कीयेच्या सरकारी दाव्यानुसार जगातले सुमारे ७३ टक्के बोरॉनचे साठे त्या एका देशात आहेत. भारतात लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ बोरॅक्स सापडतं, पण गरज आयातीवरच भागते. असं असूनही भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० क्रिटिकल मिनरल्सच्या यादीत बोरॉन नाही. उपचारासाठी लागणारं बोरॉन अगदी थोडं असतं, त्यामुळे कॅन्सरचं औषध यावाचून अडणार नाही. काच, खतं आणि चुंबकांचे उद्योग मात्र अडू शकतात.

पुढची बातमी वाचताना काय पाहायचं?

बीएनसीटीच्या बातम्यांमध्ये बहुतेक वेळा यंत्राचा फोटो असतो. नवं केंद्र, नवा कणत्वरक, किती कोटींचा खर्च. ते महत्त्वाचं आहेच. पण न्यूट्रॉन पुरवण्याचा प्रश्न आता बराचसा सुटला आहे. अडलंय ते औषधापाशी.

त्यामुळे पुढच्या वेळी अशी बातमी दिसली की तीन प्रश्न विचारता येतील. औषध कोणतं, जुनं बीपीए की नवं? ट्यूमर आणि निरोगी भाग यांतलं बोरॉनचं गुणोत्तर किती? आणि हे आकडे उंदरांवरचे आहेत की माणसांवरचे? पिंजऱ्यावर आधारित एखादं नवं संयुग या तिन्ही प्रश्नांना चांगली उत्तरं देऊन माणसांवरच्या मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचलं, तर ती बातमी खरोखर मोठी असेल.

इलेक्ट्रॉनच्या टंचाईतून हा पिंजरा कसा उभा राहतो, हे समजायला रसायनशास्त्राला सुमारे अर्धं शतक लागलं. त्याला योग्य पेशीचं दार दाखवण्याचं काम अजून सुरू आहे. तोंडाच्या कॅन्सरचे सर्वाधिक पुरुष रुग्ण ज्या देशात इतर कॅन्सरपेक्षा जास्त दिसतात, त्या देशाने हे काम लांबून पाहत बसणं परवडणारं नाही.